टी-आकाराची रबरी नळी: यकृत प्रत्यारोपणातील पित्ताच्या वाटेचा इतिहास

🧵 १/२४
यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास सांगताना बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली शस्त्रक्रिया कोणी केली आणि शरीराने परके यकृत नाकारू नये यासाठी कोणते औषध सापडले. या धाग्यात तिसरी गोष्ट सांगायची आहे. ती आहे पेन्सिलीहूनही बारीक अशा एका नळीची. पित्तनलिका तिचे नाव. रक्तस्राव थांबला, नवे यकृत काम करू लागले, तरी या नळीच्या जोडावर असंख्य रुग्णांचे जीवित अडले. तो जोड सुरक्षित कसा ठेवायचा, या प्रश्नाचे उत्तर शतकभरात पूर्णपणे बदलले. ते कसे बदलले, ते पाहू.

२/२४
आधी थोडी शरीररचना. प्रौढ माणसाचे यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. झाडाच्या डहाळ्या फांद्यांना आणि फांद्या खोडाला मिळाव्यात, तशा यकृतातील सूक्ष्म नलिका एकत्र येऊन मुख्य पित्तनलिका बनते आणि ती लहान आतड्याच्या आरंभी उघडते. प्रत्यारोपणात हे खोड मध्येच कापावे लागते. वरचा तुकडा दात्याचा, खालचा रुग्णाचा. दोहोंना जोडणारे टाके केसासारख्या बारीक धाग्याचे. त्यांतून रक्त नव्हे, तर पेशींना दाहक असणारे पित्त रात्रंदिवस वाहत राहते.

३/२४
हा जोड दोन प्रकारे बिघडतो. तो गळला, तर पित्त पोटात साचते, त्यात जंतूंची वाढ होते आणि प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या रुग्णात तो संसर्ग झपाट्याने रक्तात पसरतो. तो आकसला, तर पित्त तुंबते, कावीळ होते आणि नव्या यकृतालाच हळूहळू इजा पोहोचते. म्हणजे जोड फार सैल नको, फार आवळलेला नको, आणि दोन्ही कडा जिवंत हव्यात. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची होती. ती समजायलाच सर्वाधिक काळ लागला.

४/२४
गोष्ट प्रत्यारोपणाच्या कितीतरी आधी सुरू होते. १८८२ च्या जुलैमध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी खड्यांनी भरलेले पित्ताशय प्रथमच संपूर्ण काढले. पुढच्या दशकात बाझेलचे लुडविग कूरव्हाझिए आणि इतर काही शल्यविशारदांनी मुख्य पित्तनलिका उघडून तिच्यातील खडे काढण्याचे धाडस केले. नलिका उघडता येते, हे सिद्ध झाले. उघडलेली नलिका पुन्हा बंद करताना काय करायचे, हा प्रश्न मात्र तिथेच उभा राहिला. सुजलेल्या, जंतुबाधित नलिकेला घट्ट टाके घातले, तर आत दाब वाढून ते टाके उसवत असत.

५/२४
या प्रश्नाला जर्मनीतील हान्स केर यांनी उत्तर दिले. हाल्बरश्टाट या लहानशा शहरात त्यांनी पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांचे जणू पीठच उभारले होते. आरंभी ते नलिकेत सरळ रबरी नळी ठेवून पित्त बाहेर काढत. पण सरळ नळी निसटून येई. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तिला रोमन लिपीतील 'टी' अक्षराचा आकार दिला. आडवा लहान भाग नलिकेच्या आत, उभा लांब भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर. आडव्या भागामुळे नळी जागेवर राही आणि पित्ताला आतड्याकडेही वाट मिळे.

६/२४
या नळीचे सौंदर्य तिच्या साधेपणात होते. जोडावरचा दाब ती कमी करी. पित्त किती येते, कोणत्या रंगाचे येते, हे रोज डोळ्यांनी दिसे. काही आठवड्यांनी तिच्यातून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून आतला मार्ग मोकळा आहे की नाही, हे तपासता येई. सर्व ठीक असेल तर ती सरळ ओढून काढायची. तोवर नळीभोवती तंतुमय ऊतीचा बोगदा तयार झालेला असे, तो आपोआप मिटे. हान्स केर १९१६ मध्ये वारले, तेही शस्त्रक्रियेदरम्यान बोटाला झालेल्या जखमेतून उद्भवलेल्या जंतुसंसर्गाने. त्यांची नळी मात्र जगभर गेली.

७/२४
आता आपण १९६३ मध्ये येऊ. स्थळ अमेरिकेतील डेन्व्हर. १ मार्च रोजी थॉमस स्टार्झल यांनी मानवातील पहिले यकृत प्रत्यारोपण करण्याचा प्रयत्न केला. रुग्ण तीन वर्षांचे बालक होते आणि त्याचा आजार होता जन्मतः पित्तनलिकाच न घडण्याचा. पित्ताला वाट नाही म्हणून यकृत गेले, आणि म्हणून प्रत्यारोपण. ते बालक अनियंत्रित रक्तस्रावामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावले. त्या सुमारास डेन्व्हर, बॉस्टन आणि पॅरिस येथे झालेल्या प्रयत्नांतील एकही रुग्ण महिनाभर जगला नाही. मग काही वर्षे सर्वांनी हात आखडता घेतला.

८/२४
जुलै १९६७ मध्ये स्टार्झल यांनी पुन्हा सुरुवात केली. यकृताचा कर्करोग झालेली दीड वर्षाची मुलगी प्रत्यारोपणानंतर वर्षाहून अधिक जगली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी आपला कार्यक्रम सुरू केला. रक्तस्रावावर काही अंशी ताबा मिळाला होता. रुग्ण आता टेबलावरून जिवंत उठू लागले. आणि रुग्ण आठवडे, महिने जगू लागले, तेव्हाच पित्ताच्या वाटेचे संकट पूर्णपणे उघडे पडले. दिवसच न पाहणाऱ्या रुग्णात ते दिसणार तरी कसे?

९/२४
डेन्व्हरच्या आरंभीच्या मालिकेत एक सोपी वाटणारी युक्ती वापरली जाई. दात्याच्या मुख्य नलिकेचे खालचे टोक बांधून टाकायचे आणि दात्याचे पित्ताशयच रुग्णाच्या आतड्याला जोडायचे. पित्ताशय मोठे, पिशवीसारखे. त्याला टाके घालणे सुकर. पण सारे पित्त आता पित्ताशयाच्या अरुंद, वळणदार नळीतून जाणार होते. ती तुंबली की संपूर्ण यकृत तुंबे. शिवाय आतड्यातील जंतूंना वर चढायला मोकळी वाट मिळे. यात काही रुग्ण दगावले. यकृत नाकारले जाते आहे, असे समजून औषधे वाढवली जात आणि खरे कारण असे तुंबलेली वाट.

१०/२४
या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. कावीळ दोन्हींत होते, नाकारण्यातही आणि तुंबण्यातही. त्या काळी आत डोकावून पाहण्याची आजची साधने नव्हती. नाकारण्यावर उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी दाबणे. तुंबलेल्या, जंतुबाधित वाटेत नेमके तेच घातक. चुकीचे निदान आणि बरोबर वाटणारा उपचार यांनी मिळून रुग्ण हातचे घालवले. म्हणून पुढे डेन्व्हरने धडा घेतला: काविळीचे कारण ठरवताना पित्ताची वाट मोकळी आहे हे आधी पाहा.

११/२४
केंब्रिजचा मार्ग निराळा होता. रॉय काल्न यांनी १९७६ मध्ये एक कल्पक पद्धत प्रसिद्ध केली. दात्याचे पित्ताशय दात्याची नलिका आणि रुग्णाची नलिका यांच्यामध्ये पुलासारखे बसवायचे. रुंद जोड, ताण नाही, आणि रुग्णाची स्वतःची खालची झडप शाबूत. काही काळ या पद्धतीने चांगले दिवस दाखवले. पण पुलावर पाणी साचावे तसे पित्त त्या पिशवीत रेंगाळू लागले. गाळ धरला, खडे झाले. अखेर ही पद्धत मागे पडली.

१२/२४
केंब्रिजने आणखी एक बारकावा ओळखला. तो टिकला. काढलेले यकृत बर्फात ठेवले असताना त्याच्या नलिकांत दात्याचे पित्त राहिले, तर ते आतल्या नाजूक अस्तराचा नाश करते. पुढे ते मृत अस्तर आणि गाळ मिळून नलिकांच्या आकाराचे साचे बनतात आणि वाट बुजवतात. उपाय साधा: यकृत काढतानाच नलिका धुऊन घ्यायच्या. आज जगभर हे नेमाने केले जाते.

१३/२४
पित्तनलिकेच्या जोडणीला काल्न यांनी यकृत प्रत्यारोपणाची 'अकिलीसची टाच' म्हटले, असे शल्यवैद्यकाच्या लेखनात वारंवार येते. आपल्याकडे याला दुर्योधनाची मांडी म्हणता येईल. गांधारीच्या दृष्टीने सारा देह वज्राचा झाला, झाकलेली मांडी तेवढी राहिली, ही लोककथा आपण लहानपणापासून ऐकतो. धमनी जोडली, शिरा जोडल्या, यकृत लाल-तपकिरी होऊन काम करू लागले. आणि घाव बसला तो झाकलेल्या जागीच.

१४/२४
सत्तरच्या दशकात हळूहळू दोन पद्धती स्थिरावल्या. पहिली, दात्याची नलिका थेट रुग्णाच्या नलिकेला टोकाला टोक लावून जोडायची आणि त्या जोडात केर यांची टी-नळी ठेवायची. दुसरी, रुग्णाची नलिकाच रोगट असेल तर आतड्याचा एक लांब फाटा वर आणून त्याला दात्याची नलिका जोडायची. हा फाटा लोझानचे सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जठराच्या शस्त्रक्रियांसाठी योजलेल्या 'वाय' आकाराचा. अशा रीतीने नव्या शस्त्रक्रियेचा भार दोन जुन्या युक्त्यांनी उचलला.

१५/२४
१९७९ मध्ये एक शोधनिबंध आला आणि प्रश्नाची दिशाच बदलली. नॉर्थओव्हर आणि टेरब्लांश यांनी माणसाच्या पित्तनलिकेच्या रक्तपुरवठ्याचा बारकाईने अभ्यास केला. नलिकेच्या दोन्ही कडांनी, घड्याळातील ३ आणि ९ च्या जागी, दोन बारीक धमन्या उभ्या धावतात. आणि त्यांतील सुमारे ६० टक्के रक्त खालून वर येते, सुमारे ३८ टक्के वरून खाली. म्हणजे नलिका कापून यकृत बाहेर काढले की दात्याच्या नलिकेचा मोठा आधार तिथेच तुटतो. उरते ते यकृत धमनीतून येणारे थोडे रक्त.

१६/२४
याचे दोन व्यवहारी अर्थ निघाले. एक, दात्याची नलिका शक्य तितकी आखूड ठेवावी; लांब ठेवलेले टोक सोयीचे दिसते, पण उपाशी असते. दोन, नलिकेभोवतीची ऊती खरवडून ती 'स्वच्छ' करू नये, कारण तीच तिची शिदोरी आहे. यकृताच्या पेशींना आतड्यांकडून येणाऱ्या शिरेचेही रक्त मिळते. पित्तनलिकांना मात्र मुख्यतः धमनीचेच. म्हणूनच प्रत्यारोपणानंतर ती धमनी गोठली, तर आधी नलिका मरतात. गळती आणि आकुंचन यांचे मूळ अनेकदा टाक्यांत नव्हते, तर रक्तपुरवठ्यात होते.

१७/२४
ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आले. काल्न यांनी ते १९७८ मध्ये रुग्णांत वापरले, स्टार्झल यांनी १९८० पासून स्टिरॉइडच्या जोडीने. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या घरात गेले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने यकृत प्रत्यारोपण हा आता केवळ प्रयोग राहिलेला नाही, असा कौल दिला. पण इथेही पित्त आडवे आले. हे औषध स्निग्धात विरघळणारे. ते आतड्यातून शोषले जायला पित्त लागते. आणि पित्त तर टी-नळीतून बाहेरच्या पिशवीत जात होते!

१८/२४
म्हणून नळी उघडी असताना औषधाची रक्तातील पातळी घसरे आणि यकृत नाकारले जाण्याचा धोका वाढे. नळीला चिमटा लावून बंद केली की पित्त आतड्यात जाई, औषध एकदम अधिक शोषले जाई आणि मूत्रपिंडांना इजा होण्याची भीती निर्माण होई. चिमटा लावण्यासारख्या क्षुल्लक कृतीच्या दिवशी मात्रा नव्याने ठरवावी लागे. नव्वदच्या दशकात या औषधाचे पित्तावर कमी अवलंबून असणारे रूप आले, तेव्हा ही कसरत संपली.

१९/२४
दुसरा पेच अधिक खोल होता. केर यांच्या रुग्णांत नळीभोवती बोगदा तयार होई, कारण शरीर त्या परक्या रबराला प्रतिसाद देई. प्रत्यारोपणाच्या रुग्णात हा प्रतिसादच औषधांनी दाबलेला असतो. त्यामुळे बोगदा नीट बनत नाही. नळी तीन तीन महिने ठेवली तरी काढल्याबरोबर पित्त पोटात गळण्याचे प्रसंग येत. ज्या औषधांमुळे यकृत वाचत होते, त्यांच्यामुळेच नळी काढणे धोक्याचे झाले. घरी परतलेला रुग्ण एका साध्या भेटीसाठी येई आणि पोटदुखीने पुन्हा दाखल होई.

२०/२४
तोवर नळीची एक मोठी गरजही ओसरली होती. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपान येथे एंडोस्कोपच्या साहाय्याने पित्तनलिकेचे तोंड रुंद करण्यात यश आले; पुढे आतून स्टेंट बसवता येऊ लागले. नव्वदच्या दशकात एमआरआयने नलिकांचे चित्र शरीराला स्पर्श न करता मिळू लागले. आत पाहण्यासाठी बाहेर नळी काढून ठेवण्याचे कारण उरले नाही. गळती वा आकुंचन झालेच, तर पोट न उघडता उपाय शक्य झाला. मग प्रश्न विचारला गेला: ही नळी आपण अजून का ठेवतो?

२१/२४
उत्तर अनुभवाने नव्हे, चाचणीने द्यायचे ठरले. १९९४ मध्ये लंडनच्या एका गटाने टी-नळीचा लाभ दिसत नाही, असे दाखवले. २००१ मध्ये फ्रान्समधील अनेक केंद्रांनी १८० रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. नळी असलेल्यांत पित्तमार्गाच्या गुंतागुंती सुमारे ३३ टक्के, नसलेल्यांत सुमारे १५.५ टक्के. सुरक्षिततेसाठी ठेवलेली वस्तू स्वतःच अपघाताचे कारण ठरत होती. अनेक केंद्रांनी ती नेहमीसाठी वापरणे सोडले.

२२/२४
पण इतिहास एका चाचणीवर मिटत नाही. २००९ मध्ये बर्लिनच्या एका चाचणीने वेगळ्या प्रकारच्या जोडात नळीच्या बाजूने कौल दिला. २०१३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या गटाने सांगितले की नळी ठेवलेल्यांत आकुंचने कमी आणि सौम्य होती. म्हणून नलिका फार बारीक असेल, जोड धोक्याचा वाटत असेल, तर निवडक रुग्णांत ती उपयोगी आहे. आजची सर्वसाधारण रीत अशी: नलिका निरोगी आणि जुळत्या आकाराच्या असतील तर नळीशिवाय थेट जोड, बारीक वा विजोड असतील तर विचारपूर्वक नळी, रुग्णाची नलिका रोगट असेल तर आतड्याचा फाटा.

२३/२४
भारताशी या गोष्टीचा खरा संबंध जिवंत दात्यांमुळे येतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर १९९८ मध्ये दिल्लीत यशस्वी यकृत प्रत्यारोपणे होऊ लागली, आणि आपल्याकडची बहुतांश यकृते आजही जिवंत नातेवाइकांकडून मिळतात. प्रौढासाठी उजवा भाग घेतला की त्याच्या कापलेल्या कडेवर कधी एक, कधी दोन-तीन बारीक नलिकांची तोंडे असतात, काही मिलिमीटर व्यासाची. म्हणून अशा प्रत्यारोपणात पित्तमार्गाच्या गुंतागुंती अधिक. आणि इथे जपायची नलिका रुग्णाचीच नव्हे, निरोगी दात्याचीही असते. आईला यकृत देणाऱ्या मुलाच्या पोटात पित्त गळता कामा नये.

२४/२४
नवे संशोधन कोठे चालले आहे? २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या नेतृत्वाखालील चाचणीत हृदय थांबल्यानंतर मिळालेली यकृते रोपणापूर्वी यंत्रावर थंड, प्राणवायुयुक्त द्रवाने धुतली गेली. सहा महिन्यांत नलिका आकसण्याचा त्रास १८ टक्क्यांऐवजी ६ टक्के रुग्णांत दिसला. म्हणजे लक्ष आता नळीकडे नाही, नलिकेच्या जिवंतपणाकडे आहे. केर यांची नळी चूक नव्हती. ती त्यांच्या रुग्णांच्या, त्यांच्या काळाच्या प्रश्नाचे उत्तर होती. रुग्ण बदलला, औषधे बदलली, आणि उत्तर तपासून पाहायला मात्र आपण बराच उशीर केला. मित्रहो, तुमच्या अभ्यासविषयात असे शतकभर न तपासलेले उत्तर कोणते आहे? खाली जरूर लिहा.